सैनिक स्मारके

सैनिक स्मारके : युद्धात किंवा सैनिकी कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या, तसेच सेवा पूर्ण करून परतलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सार्वजनिक जागी उभारलेल्या शिळा, स्तंभ, पुतळे, कमानी व अन्य वास्तू यांना सैनिक स्मारके म्हणतात. विजयस्तंभ व सैनिक स्मारक यांत भेद आहे. विजयस्तंभ हा मुख्यतः राजा, सेनापती किंवा राज्यसंस्था यांच्या यशाची द्वाही फिरवितो. सैनिक स्मारकाचा विषय लढणारा सामान्य माणूस हा असतो. राजधान्यांतील व लष्करी ठाण्यांतील भव्य स्मारकांइतकीच लहान गावांतील साधी स्मारकेही अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. तेथे कोरलेले नाव वाचणाऱ्यास त्या माणसाचे घर व वंश ठाऊक असतो. त्यामुळे कोणाचे नाव घेतले आणि कोणाचे गाळले, हा प्रश्न तेथे केवळ कलेचा न राहता गावाच्या परस्परसंबंधांचा होतो. स्मारक मृताची नोंद करते, युद्धास गेलेल्या सर्वांची करते, की केवळ संख्येची, यावरून त्यामागील समाजाची दृष्टी कळून येते. महाराष्ट्रातील अशा स्मारकांचा इतिहास हा बव्हंशी या नोंदीच्या बदलत गेलेल्या पद्धतींचा इतिहास होय.

वीरगळ : महाराष्ट्रातील सैनिक स्मारकांचे सर्वांत जुने व विपुल रूप म्हणजे वीरगळ. हा शब्द कन्नड भाषेतील ‘वीर’ व ‘कल’ म्हणजे दगड यांवरून आला आहे. गावावर आलेली धाड परतविताना, गाईगुरे सोडविताना किंवा धन्यासाठी लढताना मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ अशी शिळा उभारीत. ती सामान्यतः उभट असून तीवर आडवे तीन किंवा चार कप्पे असतात. सर्वांत खालच्या कप्प्यात युद्ध व वीराचा मृत्यू, त्यावरील कप्प्यात त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा क्रम बहुधा आढळतो. माथ्यावर कलश आणि त्याच्या बाजूंस चंद्र व सूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत वीराची कीर्ती टिकेल, असा त्याचा अर्थ. खालून वर वाचावयाची ही कथा निरक्षर माणसासही समजत असे. मुंबईत बोरिवलीनजीक एकसर येथील सहा वीरगळांपैकी काहींवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. सातारा जिल्ह्यातील किकली या गावी वीरगळांचा मोठा समूह आहे.

कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखविरहित आहेत. वीर कोण, कोणत्या सालचा व कोणाशी लढला, हे त्यामुळे कळत नाही. गावाच्या स्मृतीत ते नाव असेपर्यंत लेखाची गरज भासली नसावी; ती स्मृती विरल्यावर शिळेचा देव झाला, तिला शेंदूर लागला किंवा ती देवळाच्या पायरीला आणि पाराच्या बांधकामाला लागली. चित्र शाबूत राहिले, नाव हरपले. पुढील काळातील स्मारकांच्या बाबतीत नेमका याच्या उलट अनुभव येतो.

ब्रिटिश अंमलातील स्मारके : सामान्य शिपायाचे नाव दगडावर लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रात कंपनी सरकारच्या काळात दिसू लागते. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईचा जयस्तंभ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. पुणे जिल्ह्यात भीमा नदीकाठी पेरणे येथील या स्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख असून मृतांच्या यादीतील ४९ नावांपैकी २२ नावे महार शिपायांची आहेत. ‘नाक’ या प्रत्ययावरून ती ओळखू येतात. कंपनी सरकारच्या दृष्टीने हा स्तंभ आपल्या फौजेच्या शौर्याचे चिन्ह होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे भेट दिली व त्यानंतर हेच ठिकाण अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या स्वाभिमानाचे स्थान बनले. दगडावर नावे होती म्हणूनच हे अर्थांतर शक्य झाले. स्मारकाचा अर्थ उभारणाऱ्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही. नोंद राहिली, तर पुढील पिढ्या तिचा नवा अर्थ लावू शकतात.

पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) सरकारने सैनिक पुरविणाऱ्या अनेक गावांत लहान शिळापट्ट बसविले. या गावातून महायुद्धास किती माणसे गेली व त्यांपैकी किती कामास आली, एवढाच मजकूर त्यांवर असे. कोकण व सातारा या भागांत लष्करभरती मोठ्या प्रमाणात होत असल्याने तेथे असे पट्ट अधिक आढळतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे ४६ जवान या युद्धात मरण पावले आणि तेथेही त्यांचे स्मारक उभारण्यात आले. सैनिकांचे गाव म्हणून त्याची ‘अपशिंगे मिलिटरी’ अशी ओळख रूढ झाली. या पट्टांचे वैशिष्ट्य दुहेरी आहे. परतून आलेल्या सैनिकांचीही गणना त्यांत आहे. परंतु ती केवळ आकड्यांत आहे. एकाही माणसाचे नाव न सांगता गावाच्या सेवेचा हिशेब मांडण्याची ही पद्धत होय.

परदेशांतील स्मारकांतही हा भेद दिसतो. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कूट येथील वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पतकरली. त्या मोहिमेतील ४०,००० हून अधिक मृतांचे स्मारक १९२९ मध्ये बसरा येथे झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक संख्या तेवढी नमूद झाली. याउलट फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये पूर्ण झालेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणात अशी विषमता झाल्याचे मान्य केले. समितीच्या अंदाजानुसार किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः आफ्रिकेतील व मध्यपूर्वेतील, नावानिशी किंवा मुळीच नोंद झालेली नव्हती. दिल्लीतील इंडिया गेट (१९३१) या स्मारकावर सुमारे १३,००० नावे आहेत. परंतु गावातील नातलगांस ती वाचावयास मिळणे दुरापास्त होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर गावोगाव जी स्मारके झाली, त्यांत प्रारंभी स्वातंत्र्यसैनिकांचे स्थान अग्रगण्य होते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२-७३ मध्ये देशभर विकास गटांच्या मुख्य ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेले स्तंभ उभारण्यात आले. पंचायत समितीच्या आवारात असे स्तंभ आजही आढळतात. ‘सैनिक’ हा शब्द मराठीत स्वातंत्र्यसैनिक व लष्करी जवान या दोघांसही लावला जातो; तथापि दोघांच्या स्मारकांच्या परंपरा दीर्घकाळ वेगळ्या राहिल्या.

लष्करी जवानांच्या स्मारकांना निश्चित रूप आले ते १९७१ च्या युद्धानंतर. २६ जानेवारी १९७२ रोजी इंडिया गेटखाली ‘अमर जवान ज्योती’चे अनावरण झाले. जमिनीकडे नळी करून उभी रोवलेली रायफल व तिच्या दस्त्यावर ठेवलेले शिरस्त्राण, हे तिचे चिन्ह. रणांगणावर मृत सैनिकाची जागा तात्पुरती दर्शविण्याच्या रीतीतून ते आले. पुढे हेच चिन्ह कमी-अधिक फरकाने असंख्य गावांतील चौकांत आले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. त्या वेळी त्यावर २५,९४२ नावे होती. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालील ज्योत तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली.

दुसरे वळण १९९९ च्या कारगिल संघर्षाने आणले. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत मृत जवानांचे अंत्यसंस्कार सामान्यतः युद्धभूमीच्या परिसरातच होत. घरी तार व काही वस्तू तेवढ्या पोहोचत. कारगिलच्या वेळी मात्र पार्थिव देह विमानाने व पुढे मोटारीने मूळ गावी पाठविण्यात आले. अंत्ययात्रा गावातून निघाली, सलामी गावात झाली आणि दहनाची जागाही गावचीच ठरली. या संघर्षातील ५२७ मृत जवानांची गावे देशभर विखुरलेली होती. त्यामुळे सैनिक स्मारक ही पारंपरिक भरतीच्या जिल्ह्यांपुरती गोष्ट राहिली नाही. यापूर्वीचे स्मारक पुष्कळदा समूहाचे असे. यानंतरचे बहुधा एका जवानाचे व त्याच्या चेहऱ्याचे असते. दहनाच्या जागी चौथरा, चौकात अर्धपुतळा, वेशीवर कमान, शाळेला किंवा रस्त्याला नाव, अशी त्याची रूपे आहेत. पुणे येथील १९९८ मध्ये पूर्ण झालेले दक्षिण विभागाचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून झाले. लहान गावांतही वर्गणी, ग्रामपंचायतीचा निधी व कुटुंबाचा स्वतःचा खर्च यांतूनच बहुतेक स्मारके उभी राहतात.

वर्धा जिल्हा : सैनिक स्मारकांच्या दृष्टीने वर्धा जिल्ह्याची स्थिती वैशिष्ट्यपूर्ण आहे. नागपूर जिल्ह्यातून १८६२ मध्ये वेगळा झालेला हा जिल्हा जुन्या लष्करभरतीच्या पट्ट्याबाहेर होता. त्यामुळे महायुद्धकालीन सरकारी शिळापट्टांची परंपरा येथे कोकण-साताऱ्याप्रमाणे रुजली नाही. विदर्भातील तरुणांना लष्कराची वाट अधिक रुंद झाली ती दुसऱ्या महायुद्धात. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली व जून १९४२ मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील कामठी येथे दुसरी पलटण उभी राहिली.

याच काळात वर्धा हे युद्धविरोधी विचाराचे देशातील प्रमुख केंद्र होते. महात्मा गांधी १९३६ पासून सेवाग्राम येथे राहत होते. युद्धकार्यास माणसांची वा पैशांची मदत करू नये, हे जाहीरपणे सांगण्याचा वैयक्तिक सत्याग्रह १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथून विनोबा भावे यांनी सुरू केला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे ‘भारत छोडो’ आंदोलनाचा उठाव होऊन त्यात बलिदाने झाली. ते गाव तेव्हापासून ‘शहीद आष्टी’ या नावाने ओळखले जाते. जिल्ह्याच्या सार्वजनिक स्मृतीत म्हणूनच सत्याग्रही व हुतात्मा यांच्या प्रतिमा ठळक आहेत. वर्दी घालून परतलेल्या माणसाला या स्मृतीत स्वतःची जागा शोधावी लागली. एकाच घरात एक भाऊ तुरुंगात व दुसरा पलटणीत, ही त्या काळी देशात अशक्य गोष्ट नव्हती. स्मारकाच्या बाबतीत मात्र पहिल्याचे नाव स्तंभावर आले व दुसऱ्याचे पेन्शनच्या कागदावर राहिले.

दुसरीकडे, देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक याच जिल्ह्यात देवळी तालुक्यातील पुलगाव येथे आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत व स्फोटांत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १६ हून अधिक व्यक्ती मरण पावल्या. त्यांत आग विझविण्यास गेलेल्या अग्निशामक कर्मचाऱ्यांची संख्या मोठी होती. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावनजीकच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामी झालेल्या स्फोटात ६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतील मजूर होते. या घटनांमुळे सैनिक स्मारकाच्या व्याख्येचाच प्रश्न पुढे येतो. अधिकारी, जवान, वर्दीतील अग्निशामक आणि रोजंदारीवरील मजूर एकाच कामावर, एकाच धोक्यात मरण पावतात. परंतु लष्करी सलामी, निवृत्तिवेतन व स्मारक यांचे नियम प्रत्येकासाठी वेगळे असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कक्षेत माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय येतात. मजूर येत नाही. गावाचा दगड मात्र अशा नियमांनी बांधलेला नसतो. गावाने ठरविल्यास ही सर्व नावे एका शिळेवर येऊ शकतात. लहान गावातील स्मारकाचे हे एक सामर्थ्य होय.

२०२३ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची सांगता करताना ‘माझी माती, माझा देश’ ही मोहीम ९ ऑगस्टपासून देशभर राबविण्यात आली. तीनुसार ग्रामपंचायतींनी आपापल्या गावी शिलाफलक बसविले व ७५ देशी रोपांची ‘अमृत वाटिका’ करावयाची होती. देशासाठी बलिदान केलेल्या स्थानिक वीरांची नावे या फलकांवर अपेक्षित होती. त्यांत स्वातंत्र्यलढ्यातील व संरक्षण दलांतील व्यक्ती एकत्र आल्या. १९७२ च्या स्तंभाने वेगळ्या ठेवलेल्या दोन परंपरा येथे एका शिळेवर आल्या, हा या उपक्रमाचा विशेष होय. सेवानिवृत्त सैनिकांचा त्याच कार्यक्रमात सत्कार करण्यात आला. सत्कार हयात सैनिकाचा व दगड मृताचा, अशी विभागणी मात्र येथेही कायम राहिली.

रूपे व प्रतीके : लहान गावांतील स्मारकांची रूपे थोडी व ठरावीक आहेत. स्तंभ, शिळा व चौथरा ही सर्वांत साधी रूपे. अर्धपुतळा हे आजचे सर्वाधिक लोकप्रिय रूप होय; पूर्णाकृती पुतळ्याच्या मानाने तो कमी खर्चाचा असतो व कुटुंबाला प्रिय असलेली मुखाची ठेवण त्यात राखता येते. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथील नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक जुन्या पिढीतील आहे. इटलीतील लढाईत १० जुलै १९४४ रोजी गाजविलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. निवृत्त रणगाडा, तोफ किंवा विमान चौथऱ्यावर ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. अशी आयुधे लहान मुलांचे लक्ष वेधून घेतात; परंतु ती यंत्राची आठवण देतात, माणसाची नव्हे. शेजारी नावांचा फलक नसेल, तर त्यांना स्मारक म्हणण्यापेक्षा प्रदर्शन म्हणणे अधिक योग्य ठरेल.

प्रतिमा नसलेले, केवळ अक्षरांचे स्मारक हेही तितकेच प्रभावी असू शकते. वर्धा येथील गोपुरीतील गीताई मंदिर (१९८०) हे सैनिक स्मारक नव्हे. तथापि गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळांच्या उघड्या मालिकेतून मूर्तीवाचूनही एक गंभीर वास्तू कशी सिद्ध होते, याचा तो जिल्ह्यातीलच नमुना आहे. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचे स्मारक (१९८२) याच तत्त्वावर माया लिन या तरुण वास्तुशिल्पज्ञ स्त्रीने रचले. काळ्या दगडाच्या भिंतीवर ५८,००० हून अधिक नावे हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर मृत्यूच्या दिनक्रमाने आहेत. गुळगुळीत दगडात नावांबरोबर वाचणाऱ्याचे प्रतिबिंबही दिसते.

फलकावरील शब्दयोजनेस विशेष महत्त्व आहे. मराठीत ‘शहीद’ व ‘हुतात्मा’ हे शब्द सर्रास वापरले जातात. संरक्षण दलांत मात्र ‘शहीद’ ही अधिकृत संज्ञा नाही, असे केंद्र शासनाने संसदेत स्पष्ट केले आहे. गावाने आदराने शब्द वापरण्यास त्यामुळे बाध येत नाही. तथापि नाव, हुद्दा, पलटण, जन्म व मृत्यू यांचे दिनांक आणि घटनेचे ठिकाण हा तपशील विशेषणांपेक्षा अधिक काळ उपयोगी पडतो. लेखविरहित वीरगळांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे.

माध्यमे, घडण व जतन : पुतळ्यासाठी कांसे हे सर्वोत्तम माध्यम मानतात. सुमारे ८५ टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के कथील, जस्त व शिसे हे मिश्रण ओतकामास सोयीचे असते; पूर्वी तोफांसाठी वापरल्या गेलेल्या कांशाच्या कुळातीलच ते आहे. शिल्पकार प्रथम लोखंडी सांगाड्यावर मातीचा नमुना करतो, त्यावरून प्लास्टरचा साचा व मेणाची प्रतिकृती घेतली जाते, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात आणि निरनिराळे भाग सांधून अखेरीस रासायनिक क्रियेने पृष्ठभागास रंगछटा देतात. खर्च वाचविण्यासाठी अनेक गावे काचतंतुयुक्त प्लॅस्टिक म्हणजे फायबर ग्लास वापरून त्याला कांशाचा रंग देतात. उन्हातील अतिनील किरणांनी त्याचा रंग विटतो व पृष्ठभाग भुरभुरीत होऊन चिरा पडतात. उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसच्याही पुढे जाणारे तापमान व पावसाळ्यातील सुमारे १,००० मिमी. पाऊस, हे वर्धा जिल्ह्यातील हवामान अशा माध्यमास मानवणारे नाही.

शिळेसाठी या भागातील काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट टिकाऊ असतो. परंतु त्यात बारीक अक्षरे कोरणे कष्टाचे असते. संगमरवर कोरण्यास सोपा, पण पावसाने त्याचे पृष्ठ झिजते व कालांतराने अक्षरे बोथट होतात. घोटलेल्या ग्रॅनाइटमध्ये खोल कोरलेली अक्षरे दीर्घकाळ वाचता येतात. केवळ रंगाने लिहिलेली नावे काही पावसाळ्यांतच पुसट होतात. राष्ट्रीय सणापूर्वी पुतळ्यास तैलरंगाचा नवा थर देण्याची प्रथा सद्भावनेची असली, तरी ती हानिकारक आहे. थरांवर थर चढून चेहऱ्याची रेखीवता नाहीशी होते व रंगाखाली ओल अडकून राहते. कांशाचा पुतळा साध्या पाण्याने धुऊन त्यावर मेणाचा पातळ लेप देणे पुरेसे असते. नावांची यादी शिळेखेरीज ग्रामपंचायतीच्या दप्तरातही ठेवणे आवश्यक आहे. कारण शिळा भंगली, तर ती दुसऱ्या आधारावाचून पुन्हा कोरता येत नाही.

परवानगी व जागा : महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पुतळा उभारण्यासाठी शासनाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली असून ती २०१७ मध्ये सुधारण्यात आली. स्थानिक संस्थेचा ठराव, जागेची मालकी, वाहतूक व सुव्यवस्था यांविषयीचे अभिप्राय, मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता आणि देखभालीची हमी या बाबी त्यांत महत्त्वाच्या आहेत. सार्वजनिक रस्ते व पदपथ यांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला. त्यामुळे चौकाच्या मध्यभागाऐवजी शाळेचे आवार, ग्रामपंचायतीचे प्रांगण, वाचनालय किंवा उद्यान या जागा अधिक सोयीच्या ठरतात. अशा जागी स्मारकाजवळ थांबणे व नावे वाचणे शक्य होते. रहदारीच्या चौकात ते केवळ दुरून दिसते.

परतलेला सैनिक : वर वर्णिलेल्या बहुतेक सर्व स्मारकांचा विषय मृत सैनिक हा आहे. सैन्यातील जवान बहुधा वयाच्या चाळिशीच्या आसपास किंवा त्यापूर्वीच निवृत्त होऊन गावी परततो. त्याचे पुढील आयुष्य शेतीत, सुरक्षारक्षकाच्या नोकरीत किंवा लहान व्यवसायात जाते. युद्धात अपंगत्व आलेल्यांची संख्याही लहान नाही. ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी, सैनिक कल्याण कार्यालये व निवृत्तिवेतन या व्यवस्था त्यांच्यासाठी आहेत. १४ जानेवारी हा दिवस माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. फील्ड मार्शल के. एम. करिअप्पा १९५३ मध्ये त्या दिवशी सेवानिवृत्त झाले होते. तथापि या सर्वांस दृश्य व कायम रूप क्वचितच मिळते. परमवीर चक्राच्या आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. उरलेले ७ जण पराक्रम करूनही परतले. त्यांपैकी पहिले, रामा राघोबा राणे, हे कारवार भागातील. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरील सुरुंग व अडथळे त्यांनी सतत तीन दिवस राबून दूर केले आणि रणगाड्यांना मार्ग करून दिला. त्यांचे निधन १९९४ मध्ये पुणे येथे झाले व कारवार येथील त्यांच्या पुतळ्याचे अनावरण ७ नोव्हेंबर २००६ रोजी झाले. पराक्रमानंतर ४६ वर्षे जगलेल्या या माणसाला गावात पुतळा मिळाला तो मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

हयात व्यक्तीचा पुतळा उभारू नये, हा भारतीय समाजातील संकेत योग्यच आहे. परंतु नावांच्या यादीला तो लागू पडत नाही. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धानंतर जवळजवळ प्रत्येक खेड्यात मृतांची नावे कोरलेले स्मारक झाले. अमेरिकेतील लहान गावांत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैन्यात गेलेल्या सर्वांच्या नावांचे फलक लावण्यात आले व मरण पावलेल्यांच्या नावापुढे तारा काढण्यात आला. आपल्याकडील १९७२ च्या स्तंभांनीही लढ्यात भाग घेतलेल्यांची नोंद करण्याचाच मार्ग दाखविला होता. गावातून सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचे नाव, पलटण व सेवेची वर्षे लिहिणारी, नवी नावे जोडण्यास जागा ठेवणारी शिळा ही पुतळ्याच्या मानाने अल्पखर्चाची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या शिळापट्टाने परतलेल्यांस मोजले, पण त्यांची नावे घेतली नाहीत. आजचा पुतळा नाव घेतो, पण परतलेल्यांस मोजत नाही. या दोहोंतील उणीव भरून काढणारे स्मारक लहान गावातच सहज शक्य आहे. कारण तेथे ही यादी करण्यासाठी सरकारी दप्तराची वाट पाहावी लागत नाही, ती गावाला तोंडपाठ असते. मात्र ती माहीत असलेली पिढी असेपर्यंतच ती लिहून घेणे आवश्यक आहे.